लंडन ते पॅरिस : एका अंतराचा इतिहास

भूगोलाच्या पुस्तकात दोन शहरांमधले अंतर एका आकड्यात सांगून मोकळे होता येते. लंडन ते पॅरिस सरळ रेषेत सुमारे ३४४ किलोमीटर. नकाशावर पट्टी ठेवली, प्रमाणाने गुणले, की उत्तर तयार. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र एवढ्यावर थांबता येत नाही. हे ३४४ किलोमीटर कधी चार दिवसांचे होते, कधी बारा तासांचे, कधी सत्तावन्न मिनिटांचे. आणि एकदा तर ते चार वर्षांहून अधिक काळाचे झाले. शहरे जागची हलली नाहीत. मग अंतर कमी-जास्त कोणी केले? घोड्याने, वाफेने, पंख्याने, असे उत्तर चटकन सुचते. ते खरे आहे, पण अर्धेच. उरलेले अर्धे उत्तर सीमेवरच्या चौकीत, सरकारी कचेऱ्यांत आणि सेनापतींच्या मनातल्या भयात शोधावे लागते. आपण सीमाभागातली माणसे. आपल्याला ते शोधायला फार लांब जावे लागू नये.

घोडागाडी आणि वाऱ्याची मर्जी

चार्ल्स डिकन्सची 'अ टेल ऑफ टू सिटीज' ही कादंबरी आपल्याकडे कॉलेजात पिढ्यान् पिढ्या अभ्यासली गेली. तिच्यातली दोन शहरे म्हणजे हीच, लंडन आणि पॅरिस. कादंबरी प्रसिद्ध झाली १८५९ साली, पण तिचा काळ सुरू होतो १७७५ मध्ये. आरंभीच डोव्हरकडे निघालेली टपालाची घोडागाडी चढावर चिखलात अडकते आणि उतारू खाली उतरून गाडीबरोबर चालू लागतात. रात्र, धुके, आणि गाडीतला प्रत्येक जण शेजारच्याला दरोडेखोर समजतो आहे! डिकन्सने कथेची सुरुवात या वाटेवर केली, यात मोठे औचित्य आहे. त्या काळी लंडन-पॅरिस प्रवासात वेगापेक्षा संशयच अधिक होता.

हा प्रवास तीन तुकड्यांचा असे. लंडनहून डोव्हरपर्यंत सुमारे सव्वाशे किलोमीटर घोडागाडी. पुढे डोव्हरची सामुद्रधुनी शिडाच्या जहाजातून. आणि कॅलेहून पॅरिसपर्यंत पुन्हा तीनशेच्या आसपास किलोमीटर घोडागाडी. यातला समुद्राचा तुकडा सर्वांत लहान, अरुंद जागी अवघा ३३ किलोमीटर. पण सगळा प्रवास त्याच्याच हाती होता. वारा अनुकूल असला तर काही तासांत पैलतीर. नाही तर डोव्हरच्या खाणावळीत बसून दिवस मोजायचे. ओहोटीच्या वेळी जहाज बंदरात शिरत नसे. मग होडीवाले येऊन तोंडाला येईल तो भाव मागत आणि उतारूंना किनाऱ्याला लावत. पैलतीरी पाऊल ठेवताच पेट्या उघडायच्या, कागद दाखवायचे. सगळे सुरळीत पार पडले तरी तीन-चार दिवस सहज मोडत.

समुद्र वरून ओलांडता येतो, हे पहिल्यांदा सिद्ध झाले ७ जानेवारी १७८५ रोजी. ब्लांशार हा फ्रेंच वैमानिक आणि जेफ्रीज हा अमेरिकन डॉक्टर डोव्हरहून हायड्रोजनच्या फुग्यात बसून निघाले. वाटेत फुगा खाली येऊ लागला तेव्हा वाळूच्या पिशव्या, वल्ही, खाण्याचे जिन्नस, आणि शेवटी अंगावरचे बरेचसे कपडेही त्यांनी समुद्रात फेकले. सुमारे अडीच तासांनी कॅलेजवळच्या रानात दोघे कुडकुडत पण धडधाकट उतरले. त्याच वर्षी जूनमध्ये पिलात्र द रोझिए हा फ्रेंच वैमानिक उलट दिशेने निघाला; फुग्याने पेट घेतला आणि तो सोबत्यासह मरण पावला. समुद्र अरुंद असला तरी स्वस्त नव्हता.

वाफ, तार आणि अडवलेला बोगदा

एकोणिसाव्या शतकाने या अंतराची घडीच बदलली. १८२० नंतर वाफेची जहाजे डोव्हर-कॅले मार्गावर नियमित धावू लागली आणि वाऱ्याची मर्जी संपली. १८४४ मध्ये लंडनची रेल्वे डोव्हरला पोचली. १८४६ मध्ये पॅरिसची रेल्वे उत्तरेकडे लीलपर्यंत गेली आणि १८४८ मध्ये कॅले तिला जोडले गेले. चार दिवसांचे आता बारा तास झाले. माणसाच्या आधी बातमी पळू लागली ती १८५१ च्या नोव्हेंबरमध्ये. त्याआधीच्या वर्षी समुद्राच्या तळाशी टाकलेली तार एका कोळ्याने तोडली होती. या खेपेची तार लोखंडी चिलखत घातलेली होती. लंडनच्या शेअर बाजारातला भाव पॅरिसला त्याच दिवशी कळू लागला. ही तार सुरू होणार हे हेरूनच रॉयटर नावाच्या गृहस्थाने त्या वर्षी लंडनला कचेरी थाटली. त्या नावाची वृत्तसंस्था आपण आजही वर्तमानपत्रात वाचतो.

बातमीला समुद्राखालून वाट मिळाली, मग माणसाला का मिळू नये? ही कल्पना तारेपेक्षाही जुनी होती. १८०२ मध्ये मात्यू नावाच्या फ्रेंच अभियंत्याने नेपोलियनपुढे बोगद्याची योजना मांडली होती. आत तेलाचे दिवे, घोड्यांच्या गाड्या, आणि मध्यावर घोडे बदलण्यासाठी समुद्रात एक कृत्रिम बेट! पुढच्याच वर्षी दोन्ही देशांत युद्ध पेटले आणि कागद गुंडाळले गेले.

खरे खोदकाम सुरू झाले ते १८८० नंतर. इंग्लंडच्या बाजूने सर एडवर्ड वॅटकिन हे रेल्वेचे बडे चालक पुढे सरसावले. दोन्ही किनाऱ्यांवरून खडूच्या मऊ खडकात प्रत्येकी दीड-दोन किलोमीटर बोगदा तयारही झाला. वॅटकिनसाहेब प्रतिष्ठितांना खाली नेऊन मेजवान्या देत होते. यंत्र चांगले चालले होते, पैसा होता, खडक अनुकूल होता. आणि १८८२ मध्ये इंग्रज सरकारने काम थांबवले! कारण काय? सेनापती वुल्झली यांनी इशारा दिला की काही हजार फ्रेंच सैनिक एका रात्रीत बोगद्याचे तोंड काबीज करतील आणि इंग्लंड कायमचे धोक्यात येईल. बोगद्याविरुद्धच्या निवेदनावर टेनिसन आणि ब्राउनिंग यांच्यासारख्या कवींनीही सह्या केल्या. ज्या राष्ट्राचे आरमार साऱ्या जगात फिरत होते, त्याला एका भुयाराची धास्ती वाटली.

वाचकहो, इथे क्षणभर थांबले पाहिजे. लंडन-पॅरिस रेल्वेप्रवास आज सव्वादोन तासांचा आहे. तो शक्य करणारा बोगदा जवळजवळ एकशे बारा वर्षे उशिरा झाला. वॅटकिन यांच्या यंत्राने सबंध समुद्र पार केला असता की नाही, हा वाद अभियंत्यांनी खुशाल घालावा. पण काम बंद पाडण्याचा हुकूम खडकाने दिला नव्हता.

अंतर थोडे, कायदा वेगळा

विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनहून पॅरिसला जायला सात-आठ तास लागत. सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी पोचे. पण या सात-आठ तासांत त्याच्यावर चालणारा कायदा बदलत असे, हे आपल्या लोकांना चांगले ठाऊक होते. पॅरिसमध्ये मादाम कामा होत्या, इतर हिंदी क्रांतिकारक होते. इंग्रज पोलिसांचा हात तिथे सहजासहजी पोचत नव्हता. स्वातंत्र्यवीर सावरकर १९१० च्या आरंभी पॅरिसला गेले. मित्रांचा आग्रह होता, लंडनला परतू नका. ते परतले, आणि १३ मार्च १९१० रोजी पॅरिसहून येऊन लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर उतरताच पकडले गेले. पुढचा मार्सेयचा इतिहास मराठी मुलाला सांगावा लागत नाही. मात्र त्या उडीमागची वाट व्हिक्टोरिया स्टेशनवरच सुरू झाली होती, हे ध्यानात असावे. एका बाजूला मोकळा माणूस, दुसऱ्या बाजूला कैदी. मध्ये फक्त एका दिवसाचा प्रवास.

घड्याळांचेही तसेच होते. पॅरिसची वेळ ग्रीनिचच्या पुढे ९ मिनिटे २१ सेकंद होती. जगाने ग्रीनिच मानले तरी फ्रान्स मानेना. अखेर १९११ मध्ये फ्रेंच कायदेमंडळाने ठरवले की देशाची वेळ म्हणजे पॅरिसची वेळ उणे ९ मिनिटे २१ सेकंद. हिशेबाला ही ग्रीनिचचीच वेळ, पण कायद्यात ग्रीनिचचे नाव नाही! अभिमानही राहिला आणि गाड्याही वेळेवर धावल्या.

हवेतली वाट

सावरकरांच्या अटकेच्या आदल्या वर्षी, २५ जुलै १९०९ रोजी, लुई ब्लेरियो हा फ्रेंच माणूस आपल्या एकपंखी विमानातून कॅलेजवळून उडाला आणि साडेछत्तीस मिनिटांत डोव्हरच्या किल्ल्याजवळ उतरला. त्याला एका इंग्रजी वर्तमानपत्राचे १,००० पौंडांचे बक्षीस मिळाले. इंग्लंड हे आता बेट राहिले नाही, अशी चर्चा झाली. वुल्झलींनी अडवलेला शत्रू भुयारातून न येता वरून येऊ शकत होता.

पण 'विमान म्हणजे वेग' हे समीकरण लगेच जुळले नाही. १९१० च्या ऑगस्टमध्ये जॉन मोइसान्ट हा अमेरिकन वैमानिक पॅरिसहून लंडनला निघाला. बरोबर एक मेकॅनिक आणि एक मांजर. समुद्र पार झाला, पण इंग्लंडच्या भूमीवर विमान वारंवार मोडत राहिले. लंडन गाठायला त्याला सुमारे तीन आठवडे लागले, घोडागाडी बरी! पुढच्या एप्रिलमध्ये पिएर प्रिए याने लंडनजवळच्या हेंडनहून पॅरिसपर्यंत कोठेही न उतरता ३ तास ५६ मिनिटांत मजल मारली. आठ महिन्यांत तीन आठवड्यांचे चार तास झाले.

पहिले महायुद्ध संपले आणि २५ ऑगस्ट १९१९ हा दिवस उजाडला. ही तारीख वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम आहे. त्या सकाळी लंडनजवळच्या हौन्स्लो हीथ मैदानावरून युद्धातले एक जुने बॉम्बफेकी विमान, थोडी डागडुजी करून, पॅरिसच्या ल बूर्जे विमानतळाकडे निघाले. वैमानिक लॉफर्ड, उतारू एकच, तोही वार्ताहर. बरोबर वर्तमानपत्रे, थोडे चामडे, साय आणि शिकारीचे पक्षी. सुमारे अडीच तासांत विमान पॅरिसला उतरले. दररोजची नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा सुरू झाली ती अशी. एका वेळचे भाडे २१ पौंड, म्हणजे सामान्य माणसाच्या हिशेबाबाहेरचे. हौन्स्लो हीथच का? तर लंडनच्या परिसरात जकातीची, म्हणजे कस्टमची, सोय तेवढ्या एकाच मैदानावर होती. आभाळात वाट खुली झाली, पण उडायचे कोठून हे जकात अंमलदाराच्या टेबलाने ठरवले.

त्या वैमानिकांकडे ना रडार, ना आजची साधने. खाली रेल्वेचे रूळ किंवा रस्ता दिसला की त्याच्यावरून उडत जायचे. ७ एप्रिल १९२२ रोजी उत्तर फ्रान्समध्ये धुक्यात एकाच रस्त्याचा माग धरून एक विमान लंडनहून आणि दुसरे पॅरिसहून समोरासमोर आले आणि आदळले. सात जण गेले. आकाशात दोन विमानांनी एकमेकांना कोणत्या बाजूने वाट द्यायची, याचे नियम या धड्यानंतर पक्के झाले. रस्त्यावर इंग्रज डावीकडून चालतो आणि फ्रेंच उजवीकडून. आकाशात मात्र दोघांनी उजवी बाजू धरली.

याच मार्गाने जगाला एक शब्दही दिला. लंडनचा विमानतळ तोवर क्रॉयडनला हलला होता. तिथल्या मॉकफर्ड नावाच्या बिनतारी अधिकाऱ्याला १९२३ च्या सुमारास काम मिळाले की संकटातल्या वैमानिकाने उच्चारावा असा एक शब्द शोधा. तो इंग्रजालाही कळावा आणि फ्रेंचालाही, कारण क्रॉयडनची बहुतेक ये-जा ल बूर्जेशीच होती. त्याने सुचवले, 'मे-डे'. इंग्रजाच्या कानाला ओळखीचे. आणि फ्रेंच माणूस 'मला मदत करा' म्हणताना जे बोलतो, त्याच्याशी मिळतेजुळते. आज कोठल्याही देशाचा वैमानिक मरणाच्या दारात हाच शब्द तीनदा उच्चारतो. दोन भाषांच्या शिवेवर शब्द कसे जन्मतात, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. आपल्या घराघरांत मराठी आणि शेजारची भाषा यांचे असे कितीतरी शब्द आहेत, ज्यांची मूळ मालकी आता कोणी विचारत नाही.

रेल्वेनेही हार मानली नव्हती. १९२९ पासून 'गोल्डन ॲरो' ही आलिशान गाडी व बोट मिळून साडेसहा तासांत पॅरिस गाठून देई. १९३६ पासून रात्रीची एक गाडी निघे. तिचे डबेच्या डबे डोव्हरला बोटीत चढवत, उतारू झोपलेलाच समुद्र ओलांडे आणि सकाळी पॅरिसला उठे. ही गाडी १९८० पर्यंत चालली.

चार वर्षांचे अंतर

१४ जून १९४० रोजी जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या. तीनच दिवसांनी जनरल शार्ल द गोल बोर्दोहून एका इंग्रज विमानात बसून लंडनला आले आणि १८ जूनला बीबीसीवरून बोलले. त्यांचे शब्द त्या क्षणी फ्रान्सला पोचत होते, पण ते स्वतः परत जाऊ शकत नव्हते. लंडनहून अल्जीअर्स, तेथून नॉर्मंडी, असा फेरा पुरा करून द गोल पॅरिसमध्ये पाऊल ठेवू शकले ते २५ ऑगस्ट १९४४ रोजी. पहिल्या विमानसेवेला त्या दिवशी बरोबर पंचवीस वर्षे झाली होती! अडीच तासांचे अंतर तोडायला चार वर्षे आणि दोन महिने लागले.

याच काळातली एक कहाणी आपल्या अंगणातून निघालेली आहे. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने गायनशाळा चालवणारे मौलाबक्ष संगीतप्रेमी मराठी वाचकांना परिचित आहेत. त्यांचे नातू इनायत खान बडोद्यातच १८८२ मध्ये जन्मले आणि पुढे गायक व सूफी गुरू म्हणून युरोपात गेले. त्यांची मुलगी नूर. आजीच्या बाजूने घराण्याचे नाते टिपू सुलतानाशी सांगितले जाते. नूर वाढली पॅरिसच्या वेशीवरच्या सुरेन गावात. सोरबोनमध्ये मानसशास्त्र शिकली, लहान मुलांसाठी गोष्टी लिहू लागली, जातककथांचे तिचे पुस्तक १९३९ मध्ये इंग्लंडात निघाले. जून १९४० मध्ये लाखो निर्वासितांबरोबर हे कुटुंबही पॅरिस सोडून इंग्लंडला आले.

नूर परत गेली. १६ जून १९४३ च्या रात्री, चांदण्याच्या उजेडात, लायसँडर नावाच्या छोट्या विमानाने तिला फ्रान्समधल्या एका माळावर उतरवले. तिथून आगगाडीने पॅरिस. जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये इंग्रजांनी पाठवलेली ती पहिली स्त्री बिनतारी संदेशवाहक. काही दिवसांतच तिचे बहुतेक सहकारी पकडले गेले. लंडनने परत ये म्हणून कळवले. तिने नकार दिला, कारण पॅरिसमधून लंडनशी बोलणारे दुसरे कोणी उरले नव्हते. सुटकेसमध्ये मावणारे यंत्र घेऊन ती जागा बदलत राहिली. एका जागी फार वेळ बोलावे तर शोधक गाड्या दारात येत. ऑक्टोबरमध्ये कोणीतरी फितुरी केली आणि ती पकडली गेली. पॅरिस मुक्त झाले, घंटा वाजल्या, तेव्हा नूर जर्मनीतल्या तुरुंगात साखळदंडात होती. त्यानंतर एकोणीस दिवसांनी, १३ सप्टेंबर १९४४ रोजी, डाखाउच्या छळछावणीत तिला गोळी घालण्यात आली. वय अवघे तीस. १९४९ मध्ये तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस देण्यात आला. लंडनच्या गॉर्डन चौकात २०१२ पासून तिचा अर्धपुतळा आहे.

लंडन-पॅरिस अंतराचा इतिहास लिहिताना ब्लेरियोचे नाव सगळे घेतात, आणि घ्यावेच. पण हे अंतर सर्वांत महाग पडले ते नूरला, आणि तिच्यासारख्या त्या रात्रींच्या प्रवाशांना.

युद्धाने आणखी एक गोष्ट मागे ठेवली. १९४० मध्ये जर्मनांनी पॅरिसची घड्याळे बर्लिनच्या वेळेवर लावली. युद्ध संपले, जर्मन गेले, वेळ मात्र राहिली. आज पॅरिस लंडनच्या एक तास पुढे असते ते म्हणूनच. त्यामुळे वेळापत्रक वाचताना नवखा माणूस गोंधळतो. लंडनहून दहाला निघालेले विमान पॅरिसला सव्वाबाराला उतरते. पॅरिसहून दहाला निघालेले लंडनला सव्वादहाला! दोन्ही खेपांना वेळ लागला तो सव्वा तासच. उरलेला एक तास जिंकणाऱ्या सैन्याचा आहे.

सत्तावन्न मिनिटे

२९ जुलै १९५० रोजी 'व्हायकाउंट' या नव्या विमानाने लंडनच्या नॉर्थोल्टहून उतारू घेऊन ल बूर्जे गाठले, सत्तावन्न मिनिटांत. टर्बाइनच्या जोरावर पंखे फिरवणाऱ्या विमानाची ही पहिली प्रवासी फेरी. त्यानंतर जेट आले, विमाने मोठी झाली. आणि तरीही आज हीथ्रो ते शार्ल द गोल विमानतळ ही वेळ तासाभराहून कमी छापली जात नाही. तास-सव्वा तास धरलेली असते. प्रत्यक्ष हवेत विमान तासापेक्षा कमीच असते. बाकीचा वेळ धावपट्टीपर्यंत सरकण्यात आणि आपली पाळी येण्याची वाट पाहण्यात जातो.

शिवाय प्रवासी काही विमानतळावर राहत नाही. हीथ्रो लंडनच्या मध्यापासून वीस-पंचवीस किलोमीटर पश्चिमेला. पॅरिसचा विमानतळ तेवढाच ईशान्येला. विमानतळ गाठणे, सामान देणे, झडती, पारपत्र, मग विमान, पुन्हा पारपत्र, पुन्हा शहरात जाणे, असा हिशेब मांडला तर दारापासून दारापर्यंत चार-साडेचार तास सहज होतात. १९५९ मध्ये ब्लेरियोच्या उड्डाणाच्या पन्नाशीनिमित्त लंडनच्या मार्बल आर्चपासून पॅरिसच्या विजयकमानीपर्यंत एक शर्यत झाली होती. इंग्लंडच्या हवाई दलातल्या मॉन नावाच्या अधिकाऱ्याने मोटारसायकल, हेलिकॉप्टर आणि लढाऊ जेट यांची साखळी जुळवून हे अंतर ४० मिनिटे ४४ सेकंदांत कापले. यंत्राला काय जमते, ते त्या दिवशी दिसले. त्याला रांगेत कोणी उभे केले नव्हते.

भुयार झाले; मग?

बोगद्याची गोष्ट अखेर पुरी झाली. १९७३ मध्ये करार झाला आणि १९७५ मध्ये खर्चाच्या भीतीने ब्रिटनने पुन्हा माघार घेतली. १९८६ मध्ये थॅचरबाई आणि फ्रान्सचे अध्यक्ष मितराँ यांनी नव्याने हात मिळवले. १ डिसेंबर १९९० रोजी समुद्राच्या तळाखाली एक इंग्रज आणि एक फ्रेंच कामगार भोकातून एकमेकांचे हात हातात घेऊन उभे राहिले. ६ मे १९९४ रोजी राणी एलिझाबेथ आणि मितराँ यांनी बोगद्याचे उद्घाटन केले. लांबी ५० किलोमीटरांहून थोडी अधिक, त्यातले सुमारे ३८ किलोमीटर समुद्राखाली. या कामात दहा कामगार प्राणांस मुकले.

त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला 'युरोस्टार' गाडी सुरू झाली. तीन तासांत लंडन ते पॅरिस. गंमत अशी की फ्रान्समध्ये ताशी ३०० किलोमीटरने धावणारी ही गाडी इंग्लंडच्या जुन्या रुळांवर आली की लोकलच्या मागे रेंगाळे; आणि फ्रेंचांना उतरावे लागे ते 'वॉटर्लू' स्टेशनवर, म्हणजे नेपोलियनच्या पराभवाच्या नावावर! २००७ मध्ये इंग्लंडचा वेगवान मार्ग पुरा झाला, गाडी सेंट पँक्रस स्टेशनला जाऊ लागली आणि ४९२ किलोमीटरचा हा प्रवास सव्वादोन तासांवर आला. शहराच्या मध्यातून शहराच्या मध्यात. बहुतेक प्रवाशांनी विमान सोडून गाडी धरली, यात नवल नाही.

पण इतिहास सरळ रेषेत चालत नाही. २०१६ च्या सार्वमतानंतर ब्रिटन २०२० मध्ये युरोपीय संघातून बाहेर पडले. पारपत्रावर शिक्के मारणे आले, रांगा लांबल्या. पूर्वी अर्धा-पाऊण तास आधी स्टेशनवर पोचले तरी चालत असे. आता तास-सव्वा तास आधी या, असे सांगतात. इंग्लंडमधल्या ॲशफर्ड आणि एब्सफ्लीट या मधल्या स्टेशनांवर गाडी २०२० पासून थांबत नाहीशी झाली. तेथील माणसाला पॅरिसला जायचे तर आधी उलट लंडनला जावे लागते. गाडीचा वेग एका किलोमीटरनेही घटला नाही, आणि प्रवास मात्र लांबला.

आणि त्याच पाण्यावर दुसरेही प्रवासी आहेत. ज्यांच्याकडे कागद नाहीत ते लोक कॅलेच्या परिसरातून रबरी होड्यांत बसून निघतात. २४ नोव्हेंबर २०२१ रोजी अशी एक होडी बुडाली आणि किमान सत्तावीस माणसे मेली. ज्यावरून विमान काही मिनिटांत जाते, ज्याखालून गाडी वीस मिनिटांत जाते, तो हाच ३३ किलोमीटरचा समुद्र. १७८५ मध्ये ब्लांशारने अंगावरचे कपडे फेकून जो ओलांडला, तो या लोकांना आजही ओलांडता येत नाही.

आपल्या भागातल्या जुन्या पिढीने कॅसल रॉकचा जकात नाका पाहिला होता. १९५५ नंतर गोव्याची हद्द बंद झाली तेव्हा सोयरीक झालेली गावे दोन जगांत विभागली गेली आणि १९६१ पर्यंत तशीच राहिली. घाट तोच, रूळ तेच, मैल तेवढेच. लंडन-पॅरिसच्या या इतिहासात आपल्याला काही ओळखीचे वाटत असेल तर ते त्यामुळेच.

परीक्षेत लंडन-पॅरिस अंतर विचारले तर विद्यार्थ्यांनी ३४४ किलोमीटर लिहावे. पूर्ण गुण मिळतील. मात्र पालकांनी घरी मुलांना पुढचा प्रश्नही विचारावा: कोणाला, कोणत्या साली, आणि खिशात कोणता कागद घेऊन? वॅटकिनला, द गोलना, नूरला आणि त्या रबरी होडीतल्या माणसांना याचे उत्तर वेगवेगळे द्यावे लागले असते.